अंड्याचे उरलेले पदार्थ : थंडी काय करते व काय करीत नाहीं



या लेखाचा विषय वाचून तुमच्यापैकीं कित्येकांस हंसूं येईल. शाळेच्या वार्षिकांत थोर पुरुषांचीं चरित्रें असावींत, प्रवासवर्णनें असावींत, फार तर सूर्यग्रहणावर एखादा निबंध असावा; तेथें आदल्या रात्रींच्या अंड्याच्या कालवणास जागा कशी मिळाली, असा प्रश्न कोणी करील तर तो अगदींच गैर नव्हे. परंतु शास्त्राचें शिक्षण जर फळ्यावरच राहिलें आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आंत शिरलें नाहीं, तर त्याचा उपयोग परीक्षेपुरताच, असें मला वाटतें. हें शहाणपण मला पुस्तकांतून आलें नाहीं. तें स्वतःच्या घरीं आणि थोडी किंमत देऊन आलें. ती हकीकत प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. रविवारीं रात्रीं घरीं पाहुणे यावयाचे होते म्हणून अंड्यांचें कालवण करण्याचें ठरलें. बारा अंडीं उकडलीं गेलीं आणि तीं सोलण्याचें काम माझ्याकडे आलें. आदल्या दिवशीं पेन्सिलीला टोंक करतांना माझ्या अंगठ्यास ब्लेड लागलें होतें. पाण्यांत हात घालतांच अंगठ्यावरची पट्टी सुटली. तिकडे मीं लक्ष दिलें नाहीं. सोललेलीं अंडीं तयार रश्शांत सोडलीं आणि लगेच गॅस बंद केला. नऊ वाजतां जेवणें झालीं. पाहुण्यांपैकीं दोघे आलेच नाहींत, म्हणून चार अंडीं व पुष्कळसा रस्सा उरला. "ऊन पदार्थ फ्रीजमध्यें ठेवूं नये" ही घरोघर ऐकूं येणारी समजूत आमच्याही घरीं होती. त्याप्रमाणें पातेलें निवण्यासाठीं ओट्यावर ठेवलें, आणि गप्पांच्या भरांत तें तेथेंच राहिलें. रात्रीं बारा वाजतां कोणास तरी आठवण झाली, तेव्हां तें फ्रीजमध्यें गेलें.

दुसऱ्या दिवशीं शाळेस सुटी होती. दुपारीं मीं तें कालवण चांगलें खळखळ उकळलें. मी व माझी धाकटी मुलगी असे दोघे पोटभर जेवलों. संध्याकाळ होण्यापूर्वींच दोघांनाही ओकाऱ्या सुरू झाल्या. मुलगी तर इतकी गळून गेली कीं तिला उचलूनच डॉक्टरांकडे न्यावें लागलें. "डॉक्टरसाहेब, कालवण शिळें होतें हें खरें, पण मीं तें उकळून घेतलें होतें," असें मीं मोठ्या खात्रीनें सांगितलें. डॉक्टर शांतपणें म्हणाले, "मास्तर, उकळलें हें समजलें. उकळण्यापूर्वीं तें किती वेळ बाहेर होतें तेवढें सांगा." आणि मग त्यांची नजर माझ्या अंगठ्याकडे गेली.

मुलगी दोन दिवसांत बरी झाली. परंतु इतकीं वर्षें वर्गांत विज्ञान शिकविणाऱ्या माणसास तो एक प्रश्न चांगलाच झोंबला. त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच हा लेख होय. तें एका वाक्यांत सांगावयाचें तर असें : थंडी जंतूंना मारीत नाहीं, ती त्यांना केवळ थांबविते, म्हणून पदार्थ थंडींत जाण्यापूर्वीं बाहेर गेलेला वेळ ना फ्रीज परत देऊं शकत, ना चूल.

आतां हें कसें तें क्रमानें पाहूं.

आपल्या अन्नांत वाढणारे जंतु इतके सूक्ष्म असतात कीं सूक्ष्मदर्शकावांचून ते दिसत नाहींत. त्यांची वाढ होण्याची रीति अगदीं साधी आहे : एकाचे दोन होतात, दोहोंचे चार, चोहोंचे आठ. ऊब, ओलावा व पौष्टिक अन्न हीं तीन मिळालीं म्हणजे कांहीं जातींचे जंतु सुमारें वीस मिनिटांत दुप्पट होतात. अंड्यामध्यें पौष्टिकपणा भरपूर व ओलावाही भरपूर. ऊब आपली मुंबई पुरविते. पाटी घेऊन गणित करून पाहा. वीस मिनिटांत दुप्पट, म्हणजे एका तासांत आठपट, दोन तासांत चौसष्टपट, तीन तासांत पांचशेंबारापट. माझ्या अंगठ्यावरून समजा एक हजार जंतु त्या कालवणांत गेले असतील. ज्या तीन तासांत आम्ही गप्पा मारीत बसलों होतों, त्या तीन तासांत ते पांच लाख बारा हजार होऊं शकले असते. सहा तास पातेलें बाहेर राहिलें असतें तर एकेका जंतूचे २,६२,१४४ झाले असते. थेंबें थेंबें तळें साचतें असें आपण म्हणतों. परंतु येथें प्रत्येक थेंब स्वतःच दुप्पट होत असतो.

उष्णतामानाचा हिशेबही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सुमारें ५ अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंतचा टप्पा जंतूंस मानवतो. ६० अंशांच्या वर त्यांची वाढ थांबते व पुढें ते मरूं लागतात. ५ च्या खालीं बहुतेकांची वाढ फार मंद होते. म्हणून शिजविलेला पदार्थ या मधल्या टप्प्यांत दोन तासांपेक्षां अधिक राहूं देऊं नये, आणि हवेचें मान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षां अधिक नको, असा नियम अन्नशास्त्रज्ञांनीं घालून दिला आहे. अंधेरी-बोरिवलीस काय किंवा घाटकोपर-मुलुंडास काय, एप्रिल-मे महिन्यांत आणि पुनः ऑक्टोबरांत दुपारचा पारा ३२ च्या वर सहज जातो. शेगडी पेटलेल्या लहानशा स्वयंपाकघरांत तर तो त्याहूनही चढतो. तेव्हां आपण उपनगरवासीयांनीं दोन तासांचा नियम विसरून एका तासाचाच पाळावा, हें बरें.

अंड्याच्या संबंधांत दोन प्रकारचे जंतु मुख्यतः ओळखून ठेवले पाहिजेत. पहिल्याचें नांव साल्मोनेला. हें नांव ऐकून साल्मन नांवाच्या माशाची आठवण होते, परंतु माशाचा येथें कांहीं संबंध नाहीं. थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकन संशोधकानें १८८५ सालीं या जातीचा जंतु प्रथम वेगळा केला, आणि त्याचे वरिष्ठ डॉ. डॅनियल साल्मन यांचें नांव पुढें त्या जातीस मिळालें. हा जंतु अंड्याच्या कवचावर असूं शकतो, आणि कोंबडीसच त्याची बाधा असल्यास कवच बनण्यापूर्वींच अंड्याच्या आंतही जाऊं शकतो. तो उष्णतेनें मरतो. अंड्याचा पदार्थ आंतपर्यंत ७१ अंश तापला म्हणजे त्याची भीति राहत नाहीं. घरीं उष्णतामापक नसला तरी ओळख सोपी आहे : पांढरा भाग व पिवळा बलक हीं दोन्ही घट्ट व्हावींत, आणि भुर्जींत ओलें पाणी दिसूं नये.

दुसरा प्रकार अधिक लबाड आहे. त्याचें नांव स्टॅफिलोकॉकस. तो अंड्यांतून येत नाहीं, तो आपल्यांतूनच येतो. पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकांत व कातडीवर त्याची वस्ती असते, आणि जखमेंत तर तो विशेषच असतो. उकडलेलें अंडें सोलतांना तें नेमकें आपल्या बोटांखालून जातें. हा जंतु अन्नांत वाढतां वाढतां एक विष सोडतो. उकळल्यानें जंतु मरतो. त्यानें सोडलेलें विष मात्र तसेंच राहतें. चोर पकडला तरी त्यानें फोडलेलें कपाट कांहीं जुळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. माझें उकळणें वायां कां गेलें, तें यावरून कळेल. अंडा-पुलाव व बिर्याणी यांतील भाताविषयींही असेंच आहे. बॅसिलस सीरियस नांवाच्या जंतूचे बीजाणु भात शिजवितांना मरत नाहींत. भात कोमट स्थितींत पडून राहिला कीं ते जागे होतात, आणि त्यांतील एका जातीचें विषही पुनः तापविल्यानें नाहींसें होत नाहीं. "शिळ्या कढीला ऊत" ही म्हण आपण निरर्थक वादाविषयीं वापरतों. शिळ्या अन्नालाही केवळ ऊत आणून तें ताजें होत नाहीं, हा तिचा दुसरा अर्थ आम्ही त्या दिवशीं शिकलों.

येथें कोणी म्हणेल, "आमच्या आजीच्या काळीं फ्रीज नव्हता, तरी माणसें जगलींच ना?" जगलीं, परंतु कशीं जगलीं तें पाहिलें पाहिजे. मुंबईकरांस बर्फाची ओळख झाली ती परदेशी बर्फामुळें. १८३३ मध्यें अमेरिकेंतील तळ्यांवरचा बर्फ भुशांत बांधून जहाजानें कलकत्त्यास आला, आणि थोड्याच काळानें तो मुंबईसही येऊं लागला. पण ती चैन होती, सामान्य घराची सोय नव्हे. पुढें आपल्याच उपनगरांत, विक्रोळीस, ज्यांचा मोठा कारखाना आहे, त्या गोदरेज कंपनीनें १९५८ सालीं भारतीय बनावटीचे फ्रीज तयार करण्यास आरंभ केला, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनीं हें कपाट मध्यमवर्गाच्या घरोघर पोहोंचलें. तत्पूर्वीं घरांतील वडील बायका माणसें मोजून अंडीं उकडीत. उरलें तर त्याच पंक्तीस संपवीत अथवा लगेच शेजारीं देत. त्यांजजवळ थंडी नव्हती, म्हणून त्यांनीं वेळ संभाळली. आमच्याजवळ थंडी आली आणि आम्ही वेळ संभाळावयाचें विसरलों. फ्रीज हें जणूं पापविमोचनाचें स्थान असून त्यांत ठेवलेलें सर्व शुद्ध होतें, अशी आमची भावना झाली आहे. ती खोटी आहे. फ्रीज हा पहारेकरी आहे, वैद्य नव्हे. जें चांगलें त्याच्या हवालीं कराल तें तो चांगलें ठेवील. जें बिघडलेलें द्याल तें तो सुधारून देणार नाहीं.

तर मग उरलेलें अन्न ठेवावें तरी कसें?

पहिली गोष्ट म्हणजे, काय उरणार याचा अंदाज जेवण्यापूर्वींच घ्यावा. जेवढें पानांत लागेल तेवढें वाढण्याच्या भांड्यांत काढावें, व बाकीचें पंक्तीवर न आणतां लगेच निवविण्यास घ्यावें. उष्टा चमचा परत पातेल्यांत घालूं नये. अंडीं सोलणारानें साबणानें हात धुवावेत. हातास जखम असेल तर तें काम दुसऱ्यास द्यावें.

दुसरी गोष्ट निवविण्याची. ऊन पदार्थ फ्रीजमध्यें ठेवूं नये, या समजुतींत थोडें तथ्य आहे. वाफाळणारें मोठें पातेलें आंत ठेवलें तर शेजारचें दूधही तापतें, आणि पातेल्याच्या पोटांतील रस्सा तासन् तास कोमट राहतो. परंतु यावर उपाय म्हणजे पातेलें ओट्यावर विसरणें नव्हे. रस्सा पसरट भांड्यांत काढावा. त्याचा थर दोन इंचांहून जाड नसावा. परातींत गार पाणी घालून तें भांडें त्यांत ठेवावें, व मधून मधून ढवळावें. वीस-पंचवीस मिनिटांत वाफ जाऊन पदार्थ हातास सोसेल इतका होतो. मग झांकण लावून तो आंत ठेवावा. तो थोडा कोमट असला तरी चिंता नाहीं; फ्रीजला तेवढें सोसतें, आपल्या पोटास उशीर सोसत नाहीं.

तिसरी गोष्ट फ्रीजमधील मुदतीची. आंतील उष्णतामान ४ अंशांवर जाऊं नये. दार वारंवार उघडल्यामुळें दाराच्या कप्प्यांत ऊब अधिक असते, म्हणून उरलेले पदार्थ तेथें न ठेवतां आंतल्या बाजूस ठेवावेत. अशा रीतीनें ठेवलेलें अंड्याचें कालवण, भुर्जी किंवा पुडिंग तीन ते चार दिवसांत संपवावें. कवचासह चांगलीं उकडलेलीं अंडीं आठवडाभर राहतात. अधिक काळ ठेवूं नये, कारण थांबलेले जंतु म्हणजे मेलेले जंतु नव्हेत, आणि कांहीं जाती तर त्या थंडींतही हळूहळू वाढतात. वासावर भरंवसा ठेवूं नये. दूध नासलें तर वास येतो. परंतु ज्या जंतूंनीं माणूस आजारी पडतो ते पुष्कळदां वास, रंग अथवा चव यांपैकीं कांहींच बदलीत नाहींत. आमच्या कालवणास घरांतील सर्वांनीं "झकास" म्हटलें होतें.

तीन-चार दिवसांत संपणार नसेल तर चौथी गोष्ट, म्हणजे फ्रीझर. उणें १८ अंशांवर जंतूंची वाढ पूर्णपणें बंद पडते. तरी येथेंही ते मरत नाहींत. साल्मोनेला गोठलेल्या अन्नांत महिनेच्या महिने जिवंत राहूं शकतो. बर्फ वितळला कीं त्याचें काम जेथें थांबलें होतें तेथून पुनः सुरू होतें. दुसरें असें कीं अंड्याचा प्रत्येक पदार्थ गोठणें सोसत नाहीं. त्याचें कारण मनोरंजक आहे.

अंडें शिजतें तेव्हां त्यांतील प्रथिनांचें एक बारीक जाळें तयार होतें, आणि पाणी त्या जाळ्यांत अडकून बसतें. उकडलेल्या पांढऱ्या भागाचा मऊपणा या अडकलेल्या पाण्यामुळेंच असतो. पाणी गोठलें म्हणजे सुमारें नऊ टक्के फुगतें, व त्याचे सुईसारखे स्फटिक होऊन तें जाळें फाडतात. वितळल्यावर पाणी एकीकडे गळतें, आणि मागें रबरासारखा चिवट गोळा उरतो. म्हणून उकडलेलीं अंडीं फ्रीझरमध्यें ठेवूं नयेत. कस्टर्ड, पुडिंग व मेयोनीज हींही फुटून पाणी सोडतात. कच्चें अंडें कवचासह तर मुळींच ठेवूं नये. आंतील पाणी फुगून कवच तडकतें, आणि जंतूंना दार उघडें होतें.

मग अंड्याचें कालवण गोठवावयाचें झाल्यास काय करावें? अंडीं बाहेर काढून घ्यावींत व तीं फ्रीजमध्यें ठेवून तीन-चार दिवसांत खावींत. रस्सा तेवढा गोठवावा. पुढें हवा तेव्हां तो चांगला उकळून त्यांत ताजीं उकडलेलीं अंडीं सोडावींत. भुर्जी, साधें ऑम्लेट, अंड्यांत बुडवून भाजलेला पाव, अंड्यांत घोळवून तळलेलीं कटलेटें व केक हे पदार्थ मात्र गोठणें बऱ्यापैकीं सोसतात. दोन-तीन महिन्यांपर्यंत त्यांची चव टिकते.

गोठविणें जितकें जलद, तितके स्फटिक लहान आणि पदार्थाची खराबी कमी. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नांवाच्या अमेरिकन गृहस्थास हें कॅनडांतील लॅब्राडोर प्रांतांत, तेथील मूळ रहिवाशांनीं धरलेल्या माशांवरून उमगलें. तेथील भयंकर थंड वाऱ्यांत मासा पाण्याबाहेर येतांच गोठे, आणि महिन्यांनंतरही त्याची चव ताज्यासारखी लागे. त्यावरून त्यानें १९२० नंतरच्या दशकांत जलद गोठविण्याचा धंदा उभा केला. आपण घरीं एवढेंच करावें कीं एका जेवणास पुरेल इतका पदार्थ लहान, चपट्या डब्यांत भरावा. पातळ पदार्थ फुगतो म्हणून वर अर्धा इंच जागा सोडावी. आणि डब्यावर पदार्थाचें नांव व तारीख लिहावी. तारीख लिहिण्याचें काम घरांतील विद्यार्थ्यांनीं आपल्याकडे घ्यावें, असें मी सुचवितों. वहीवर तारीख घालण्याची संवय त्यांना आहेच.

केक किंवा पुडिंग करतांना कच्चा पांढरा भाग वा बलक उरतो, त्याचेंही सांगतों. कच्चा पांढरा भाग तसाच गोठवितां येतो. बलक मात्र गोठल्यावर लापशीसारखा घट्ट होऊन पुनः पातळ होत नाहीं. म्हणून चार बलकांस चिमूटभर मीठ किंवा दीड लहान चमचा साखर मिसळून मग ठेवावा, आणि मीठ कीं साखर हें डब्यावर लिहावें. संबंध अंडें ठेवावयाचें तर फोडून हलकें फेंटून ठेवावें.

एक इशारा येथें दिला पाहिजे. पुष्कळ घरांत एकच दार असलेला फ्रीज असतो, व त्याच्या वरच्या भागांत बर्फाचा लहान कप्पा असतो. त्यांत बर्फाच्या वड्या होतात खऱ्या, परंतु तेवढ्यावरून उणें १८ अंशांची थंडी तेथें आहे असें ठरत नाहीं. अशा कप्प्यांत महिनोगणती अन्न ठेवण्याच्या भरीस पडूं नये. आठवड्याभरांत तें संपवावें.

पांचवी गोष्ट बाहेर काढण्याची. गोठलेला डबा सकाळीं ओट्यावर काढून संध्याकाळीं तापविणें ही फार धोक्याची संवय आहे. बाहेरचा थर तासाभरांत कोमट होतो, आंत मात्र बर्फच असतो. डबा आदल्या रात्रीं फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यांत ठेवावा. घाई असल्यास गोठलेला रस्सा सरळ पातेल्यांत घालून उकळावा. तापवितांना पदार्थ मध्यापर्यंत ७४ अंश, म्हणजे रस्सा असेल तर खळखळ उकळी येईपर्यंत, तापला पाहिजे. आणि जेवढें खावयाचें तेवढेंच तापवावें. तापव, निवव, पुनः तापव या फेऱ्यांत प्रत्येक वेळीं कोमटपणाचा टप्पा दोनदां ओलांडावा लागतो. ओट्यावर राहून उबदार झालेला पदार्थ परत गोठवूं नये.

आतां विजेविषयीं. २६ जुलै १९०५ ची गोष्ट असती तर फ्रीजचा प्रश्नच नव्हता. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि उपनगरांतील कित्येक वस्त्या दीर्घकाळ अंधारांत राहिल्या. पुढें १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व आसपासचा वीजपुरवठा एकाएकीं बंद पडला, व ठिकठिकाणीं तो पूर्ववत् होण्यास कित्येक तास लागले. अशा वेळीं पहिला नियम असा कीं दार उघडूं नये. बंद फ्रीज सुमारें चार तास थंडी धरतो. स्वतंत्र दाराचा फ्रीझर पूर्ण भरलेला असल्यास दोन दिवस, आणि अर्धा भरलेला असल्यास एक दिवस टिकतो. चार तासांपेक्षां अधिक वेळ वीज गेली तर फ्रीजमधील अंड्याचे पदार्थ टाकून द्यावेत. आपण गांवीं गेलों असतां मागें वीज गेली होती कीं काय हें ओळखण्याची एक युक्ति विद्यार्थ्यांस आवडेल. वाटींत पाणी घालून फ्रीझरमध्यें त्याचा बर्फ करावा, व त्यावर एक नाणें ठेवावें. परत आल्यावर नाणें वरच असेल तर ठीक. तें बर्फाच्या आंत वा वाटीच्या तळाशीं गेलेलें दिसलें, तर मधल्या काळांत बर्फ वितळून पुनः गोठला असें समजावें, आणि अन्नाचा मोह सोडावा.

शेवटीं विद्यार्थ्यांच्या डब्याविषयीं पालकांस विनंति. सकाळीं सहा वाजतां भरलेला डबा मधल्या सुटींत उघडतो, तोंपर्यंत तो दप्तरांत, वर्गाच्या उबेंत कित्येक तास पडून असतो. आदल्या रात्रींचें कालवण किंवा अंडा-पुलाव अशा डब्यांत कधींच देऊं नये. रात्रींचे तास व सकाळचे तास यांची बेरीज होते. अंडें द्यावयाचेंच तर त्याच सकाळीं दोन्ही बाजूंनीं पक्कें भाजलेलें कोरडें ऑम्लेट द्यावें, आणि पहिल्या लहान सुटींतच तें खाण्यास मुलास सांगावें. डब्यांतून उरून आलेलें अंडें संध्याकाळीं फ्रीजमध्यें ठेवणें ही काटकसर नव्हे.

कित्येकांस वाटेल कीं एवढा खटाटोप चार अंड्यांसाठीं? महाराष्ट्रांतील एका थोर विदुषीनें तसें मानलें नाहीं. डॉ. कमला सोहोनी यांनीं १९३९ मध्यें केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. ही पदवी संपादन केली, व पुढें मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें अध्यापन व संशोधन केलें. एवढी विद्या पदरीं असतां त्यांनीं आपलें लक्ष सामान्य माणसाच्या अन्नाकडे वळविलें. १९६६ सालीं मुंबईंत कांहीं गृहिणींनीं स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कार्यांत त्या सामील झाल्या, आणि अन्नांतील भेसळ व त्याची सुरक्षितता यांविषयीं घरोघरच्या बायकांस समजेल अशा भाषेंत सांगत राहिल्या. प्रयोगशाळा व स्वयंपाकघर यांमध्यें त्यांनीं भिंत मानली नाहीं. आपणही मानूं नये.

अन्न टाकावें असें मी म्हणत नाहीं. ज्या शहरांत कित्येकांस दोन वेळचें पुरत नाहीं, तेथें उरलेलें जपून ठेवणें हा सद्गुणच आहे. परंतु जपणें म्हणजे आठवणीनें, वेळेवर, तारखेसह जपणें. आमच्या घरीं आतां जेवण संपतांच माझी तीच धाकटी मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते व विचारते, "बाबा, किती वाजतां उतरविलें होतें?" डॉक्टरांचा प्रश्न तिनें उचलला आहे. हा प्रश्न तुमच्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं आज रात्रीं एकदां तरी विचारला जावो, एवढीच इच्छा प्रदर्शित करून हा लेख संपवितों.